चौथा दिवा

भाऊराव पेडणेकरांचं पत्र वर्षभर टीव्हीखालच्या खणात पडून होतं. त्याला उत्तर द्यायचं जयवंतरावांच्या कधी मनातही आलं नव्हतं. चारकोपच्या रो-हाऊसमध्ये दोघांची भिंत एकच. इकडे खिळा ठोकला की तिकडचा देव हलायचा. आणि हा गृहस्थ पाकिटाला तिकीट चिकटवून, पिनकोडसकट पत्ता घालून, शेजारच्या घरी पोस्टाने पत्र पाठवतो!

'आपल्या कंपाउंडवरील चौथा दिवा आमच्या खिडकीत येतो. पद्मजाला आता कूस बदलता येत नाही. रात्री तेवढा एक मालवलात तर उपकार होतील.'

जयवंतरावांनी हे पत्र नाक्यावर विकीच्या टपरीपाशी चहा पिताना चौघांना वाचून दाखवलं होतं. 'उपकार होतील'ला विकीच्या हातातली किटली हिंदकळली होती, इतका तो हसला होता.

आज तेच दिवे लागत नव्हते. एक नाही, आठही. परवा लेकीची, जान्हवीची हळद. व्याही मढला बंगला असलेले. आणि अंगणात काळोख.

जयवंतरावांनी टेस्टर घेतला. त्यांचा जन्म लिफ्टच्या कंपनीत गेला होता. हाताखालच्या पोरांना ते एकच गोष्ट शिकवायचे. दोष यंत्रात नसतो, कुठल्यातरी गाढवात असतो. गाढव शोधा.

आधी वीज पाहिली. आठही जागी येत होती. म्हणजे वायरमन, बिनडोक असला तरी, सुटला. मग दिवे. मेन बंद करून चालू केलं की आठही लुकलुकायचे आणि विझायचे. म्हणजे जीव होता, हुकूम पोचत नव्हता. फोनवरच्या ॲपमध्ये आठांपुढे 'ऑफलाइन'. फोन बंद करून चालू केला. ॲप काढून पुन्हा टाकलं. राउटर उचलून दारात आणला, स्टुलावर ठेवला, स्टूल पाटावर ठेवलं. घरात टीव्ही झकास चालत होता. दिवे ढिम्म.

"आता हळद लावून बघा त्याला," पायरीवर बसून सुपाऱ्या निवडणारी त्यांची बायको अनुपमा म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. गाढवांपैकी आता एकच उरलं होतं. दिवे बसवणारा पुतण्या. त्यांनी फोन लावला.

"काका, राउटर बंद असेल," हर्षद म्हणाला.

"माझ्यासमोर चालू आहे. डोळे फुटलेत का माझे?"

"तुमचा नाही हो, भाऊकाकांचा. तुमचं वायफाय कंपाउंडपर्यंत पोचतच नव्हतं ना. त्यांचा राउटर खिडकीलाच आहे. मी विचारलं, तर म्हणाले, जोड की रे. पासवर्डपण त्यांनीच टाकला."

"कधी?"

"दिवे बसवले त्याच दिवशी. टेन्शन नका घेऊ. उद्या येऊन तुमच्या वायफायवर घेतो. पाच मिनिटांचं काम."

जयवंतरावांनी फोन खाली ठेवला.

"मूर्ख माणूस," ते म्हणाले. "बटण ह्याच्या उशाशी. संध्याकाळी नुसतं बंद केलं असतं, तर आठातला एकही दिवा लागला नसता. आणि हा पत्र लिहीत बसला. उपकार होतील म्हणे!"

अनुपमा सुपाऱ्या निवडत राहिली.

"मग आता बरं बंद केलं? हळदीच्या तोंडावर?"

"घर बंद करून गेलेत ते. आज दुपारी. वहिनींना अपूर्वाकडे नेलं, मुलुंडला, लेकीकडे. मी गेले होते दारात. तुम्ही मॅच बघत होतात."

"का पण?"

"तिकडच्या खोलीत रात्री अंधार होतो म्हणाले." तिने एक किडकी सुपारी बाजूला टाकली. "काय, सापडलं का गाढव?"

जयवंतराव स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन कंपाउंडपाशी गेले. चौथ्या दिव्याचे स्क्रू गंजले होते. दिवा हातात आला तेव्हा समोरच पेडणेकरांची खिडकी होती. काचेला आतून काळे चार्टपेपर लावलेले, एकावर एक. चिकटपट्टी सुटली तिथे नवी लावलेली. ते इथून सरळ दिसत होते. वर्षभर दिसत असणार.

"अपूर्वाचा नंबर देऊ?" अनुपमाने विचारलं.

"नको. पत्ता दे."

पहिल्या कागदावर त्यांनी लिहिलं, 'आपण त्याच वेळी घरी येऊन सांगितलं असतंत तर'. तो फाडला. दुसऱ्यावर जरा जास्त लिहिलं, तोही फाडला. तिसऱ्यावर एवढंच उरलं : 'चौथा दिवा काढला आहे. वहिनींना घरी आणावं, उपकार होतील.' पाकिटावर सवयीने चारकोप लिहिलं गेलं. ते खोडून त्यांनी मुलुंड लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हर्षद येऊन गेला. सात दिवे लागले, मध्ये एक जागा काळी. जयवंतराव पाकीट घेऊन नाक्यावर गेले. लाल पेटी विकीच्या टपरीला लागूनच होती आणि बाकावर नेहमीचे चौघे होते.

"काय काका," विकी ओरडला, "शेजाऱ्याला पत्र काय?"

चौघे खो खो हसले. किटली पुन्हा हिंदकळली.

"हो," जयवंतराव म्हणाले, आणि त्यांनी पाकीट पेटीत टाकलं.