बोटाले माहीत, तोंडाले नाही

“पुन्हा चूक,” भुपेंद्र म्हणाला आणि पडद्यावरच्या लाल ओळीकडे बघत बसला.

नीतूने घड्याळाकडे पाहिलं. कचेरी बंद व्हायच्या आत उत्तर गेलं नाही, तर करडी गावचा तलाव बाहेरच्या ठेकेदाराच्या घशात जाणार होता. गावच्या मच्छीमार संस्थेच्या अर्जावर साहेबांनी शंका काढली होती, आणि खुलासा संस्थेच्या नोंदलेल्या ईमेलवरूनच आला पाहिजे, असं बजावलं होतं. खुलासा तयार होता. मेल मात्र उघडत नव्हता.

संस्थेचा संगणक नीतूच्या माहेरी असायचा, कारण तिचे वडील आसाराम संस्थेचे सचिव होते. परवा वीज पाचदा आली आणि पाचदा गेली, त्यात संगणकाच्या डिस्कने मान टाकली. मोहाडीहून संगणक दुरुस्त करणारा भुपेंद्र आला. त्याने नवी डिस्क बसवली, मेलचा प्रोग्राम पुन्हा टाकला. पण पासवर्ड जुना प्रोग्रामच लक्षात ठेवायचा, तो डिस्कसोबत गेला. मोबाइलवर आकडा मागवावा, तर खात्याला जोडलेला नंबर केव्हाच बंद पडलेला.

“काकाजी, कंप्युटर सुरू करतानाही तुमी तोच टाकत होते ना? रोजच्या रोज?”

“टाकत होतो,” खाटेवरून आसाराम म्हणाले.

“मंग सांगा ना.”

“बोटाले माहीत हाय. तोंडाले नाही.”

त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. त्यावर हिरवी पट्टी होती आणि दुसऱ्या डोळ्यातही धुकंच होतं. त्यासाठीच तर नीतू भंडाऱ्याहून आली होती.

“मागच्या वर्षी मीच बदलायले लावला होता,” भुपेंद्र नीतूला म्हणाला. “मी तोंड फिरवून उभा होतो ताई. आपला नियमच हाय तो. आता वाटते, पाहून घेतला असता तर बरं झालं असतं.”

आधी प्रीतमचं, म्हणजे नीतूच्या भावाचं नाव घालून झालं. मग नीतूचं. पुढे-मागे जन्मसाल लावून झालं. उंबऱ्याशी नीतूची आई, गीताबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. आपलं नाव घातलं जातंय म्हटल्यावर त्यांनी “मले काय करायचं त्याचं” म्हणत मान मात्र चांगली हातभर लांब केली. तेही चुकलं, तेव्हा सूप आपटलं.

“जलमभर रांधून घातलं, आन् डब्यात माझं नाव नाही! कोणाचं ठेवलं मंग?”

आसारामांनी भिंतीकडे कूस बदलली.

कोणत्या साली कोणत्या गाळात कोणती मासोळी लागली, हे सांगणारा माणूस रोजचा शब्द विसरेल? बाबांना आठवत होतं. ते सांगत नव्हते. या वयात बाबांनी काय लपवलं असेल, या विचाराने नीतूला त्यांचा रागही आला आणि कीवही आली.

“बाबा, तुमीच टाका,” ती म्हणाली. तिने कीबोर्ड त्यांच्या मांडीवर ठेवला. धड दिसत नसल्याने आसाराम चाचपडत राहिले. एकेक कळ शोधून, मनाशी पुटपुटत दाबली. लाल ओळ पुन्हा आली.

“आता एकच डाव,” भुपेंद्र म्हणाला. “हाही चुकला तर उद्यापर्यंत कुलूप.” मग त्याला काय सुचलं कोण जाणे. “बाजूच्या काकाजीले इचारू का? तेही संस्थेत होते म्हणतात.”

गीताबाईंचा हात सुपातच थांबला.

“त्या घराचं नाव काढू नको,” आसाराम म्हणाले.

बाजूचं घर आसारामांच्या थोरल्या भावाचं, डोमाचं. तलाव ठेक्याने द्यायचा की राखायचा, यावरून नीतू शाळेत असताना दोघं पाळीवर, तलावाच्या बांधावर, एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. तेव्हापासून बोलणं बंद. पाळीवर मासोळीचे वाटे पडायचे, तेव्हा आसाराम एकेकाचं नाव घेऊन हाक मारायचे, आणि भावाचा वाटा आला की नुसतं “पलीकडचा” म्हणायचे. घरातही तीच रीत लागली. पलीकडच्यांची गाय, पलीकडच्यांची विहीर. नीतूच्या लग्नाची पत्रिकाही पलीकडे गेली नाही. ती तेव्हा आतल्या खोलीत रडली होती.

भुपेंद्रने जीभ चावली.

ओट्यावर संस्थेची माणसं बसून होती. परसरामने आत डोकावून विचारलं, “नीतू, गेलं का वो?”

“नाही ना काका.”

“तलाव गेला तर पोरं जाळे इकून नागपूरले जातीन, दुसरं काय,” परसराम म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे ऐकवत नव्हतं. तो पुन्हा जाऊन बसला.

आसाराम उठून बसले. बराच वेळ पट्टीच्या कडेला बोट लावून राहिले.

“बाबा, दुखून राहिलं का?”

“नाही.” त्यांनी घसा साफ केला. “पोरी, ते खिडकी लाव.”

खिडकी पलीकडच्या अंगणाकडे उघडायची. नीतू उठली. खिडकीला हात लावला, तोच ते म्हणाले, “राहू दे. उघडीच राहू दे.”

ती परत येऊन बसली. भुपेंद्रने सवयीने तोंड फिरवलं. गीताबाई सूप बाजूला ठेवून, आता कोणत्या बाईचं नाव ऐकावं लागतं म्हणून पदर खोचून उभ्या राहिल्या.

“सारे अक्षरं लहान,” आसाराम म्हणाले. “मधात जागा सोडू नको.”

“हो बाबा.”

“लिही. डोमादादा.”