नवसाचा वेल

वेलाला दूध घालायचं असतं, हे पवित्राला माहेरी कराडात कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिने फोन कानाशी घट्ट धरला. "दूध, अम्मा?"

"होय. दूध घाल, मग हळदीचें पाणी, मग भस्म लाव," सासू जयलक्ष्मी चेन्नईहून म्हणाली. "टोक मात्र झांकूं देऊं नक्को. आणि मंगळवारीं टोकाला लिंबू."

मागे इस्पितळातली गडबड ऐकू येत होती. सासरे मुकुंदराव यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया व्हायची होती. नवराही तिकडेच होता. पवित्राला बँकेतून रजा मिळाली नव्हती. कुंभकोणमच्या घरात उरली ती एकटी, आणि गच्चीवरच्या कुंडीतला वेल.

"ह्यांच्या जिवासाठीं स्वामीमलैच्या मुरुगनला नवस बोललेंय मी," जयलक्ष्मी म्हणाली. "वेल आतां तुझ्या हातीं."

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. सासरची तंजावरी मराठी ऐकून पवित्राला अजून हसू यायचं. आज आलं नाही.

कुंडीत गोकर्णाचं चार पानांचं रोप होतं. एवढ्याशा जिवाचा एवढा थाट कशाला, याचं तिला भारी कुतूहल वाटलं. तिने मोबाइलवर शोधलं. पाणी घातलेल्या दुधाने भुरी जाते. राखेने मावा पळतो. हळदीने मूळ कुजत नाही. सासूबाई तर अर्ध्या कृषी अधिकारी निघाल्या. लिंबाचं तेवढं कुठेच सापडेना. शेंड्याला बांधलं की शेंडा मान टाकायचा, म्हणून ती ते शेजारी टांगू लागली. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना काय कळणार, असं म्हणत का होईना, पण एकही मंगळवार तिने चुकवला नाही.

मुकुंदरावांना ताप येत राहिला आणि शस्त्रक्रिया लांबत गेली. वेल मात्र सरसर चढला. नवं पान फुटलं की मामंजींचा ताप उतरल्याचा फोन येतो, असं पवित्राला वाटायला लागलं. मग तिला वेलाची काळजी रात्रंदिवस लागली.

कुंडी मुळांना पुरेना. तिने मोठी कुंडी आणली, तळाला खापऱ्या घातल्या, वर तांबडी माती आणि शेणखत. जुन्या कुंडीत मधोमध एक जड, काळपट सळई रोवलेली होती. तिचं रुंद टोक पानांना ओरखडे काढायचं. पवित्राने ती उपटून जुन्या कुंडीबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकली. तिच्या जागी कामट्यांचा मांडव केला आणि केळीच्या सोपटाने वेल अलगद बांधला.

शेवटी शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. आदल्या सकाळी जयलक्ष्मी पूजेपुरती एकटीच घरी आली. न्हाऊन, दुधाचा गडू घेऊन ती थेट गच्चीवर गेली. मांडव निळ्या फुलांनी भरला होता. शाबासकी मिळेल म्हणून पवित्रा मागे उभी राहिली.

जयलक्ष्मीने पानं बाजूला सारली. पुन्हा सारली.

"वेल कोठें गे?"

"हा काय, अम्मा. केवढा झालाय बघा."

"ही कोडी, नुसती लता. आपोआप उगवली असेल," जयलक्ष्मी म्हणाली. तिने गडू खाली ठेवला. "मी वेल विचारतें, वेल. मुरुगनच्या हातांतला पितळेचा भाला."