एडिनबरोचं उत्तर

लंडनला आपलं ऐकू येत नाही, स्कॉटलंडचा कारभार एडिनबरोला आणू, असं सांगत टॉर्कल एकेकाळी बेटावरच्या घराघरांत मतं मागत फिरला होता. आता बेटावरची एकुलती शाळा बंद करायचं घाटत होतं आणि ती वाचवा म्हणून त्याने एडिनबरोला अर्ज केला होता.

पोस्टमन लाकी दारातूनच ओरडला, "घे म्हाताऱ्या, तुझ्या सरकारचं उत्तर आलं! आणि बघ तरी, चक्क गेलिक भाषेत. लंडननं लिहिलं असतं का कधी असं?"

टॉर्कलचे डोळे भरून आले. एवढ्या आयुष्यात पहिल्यांदाच सरकार त्याच्या आईच्या भाषेत बोललं होतं. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि नातीला हाक मारली. जन्मभर तो गेलिकच बोलला, पण ती वाचायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या लहानपणी शाळेत गेलिक शब्द तोंडातून निघाला की हातावर चामड्याचा पट्टा बसे. आठ वर्षांची मार्सली मात्र त्याच शाळेत आता गेलिक लिहा-वाचायला शिकत होती.

ओळीखाली बोट धरून ती मोठ्याने वाचू लागली. मंत्रिमहोदयांना अतिशय खेद होता. मुलं फारच कमी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडणार नव्हती.

लाकीने टोपी काढून हातात घेतली.

"आजोबा, एकही शब्द चुकला नाही ना माझा?" मार्सलीने विचारलं.

"नाही गं बाळा," टॉर्कल म्हणाला, "एकही नाही."