वजनाची झोळी

अंगणवाडीत सेविकाताईंचा सत्कार चालला होता. “सहा महिन्यांत पाड्यावरच्या मुलांचं सरासरी वजन पाऊण किलोनं वाढलं,” मोठ्या मॅडम म्हणाल्या, “कुपोषणाच्या लाल पट्ट्यात आता एकही मूल नाही!” टाळ्या वाजवता वाजवता खेमलीचे हात थांबले.

तिची बिजली लाल पट्ट्यातच होती. “दर महिन्याला तोलू, पोरगी वाचेल,” ताईंनी शब्द दिला होता. त्या भरवशावर खेमलीनं लुगडं फाडून वजनकाट्याला झोळी शिवून दिली. चौथ्या महिन्यात बिजली गेली.

“ताई, माझ्या बिजलीला कुठं धरलंत?”

ताईंनी गळ्यातला हार सावरला. “गेलेल्यांची नावं यादीतून कमी करतात गं. हलकी चार गेली, म्हणून तर सरासरी चढली.”

खेमलीनं काट्याची झोळी सोडवून खांद्यावर टाकली.

“मग हीपण कमी करा.”