मालकाचा वाटा

बायाबाईच्या अंगावरचं लुगडं नवं होतं आणि ते गोदामाचे मालक यादोराव यांनी पाठवलं होतं. सोबत बोलायची दोन वाक्यंही आली होती. जागा पडीक होती, हे एक. गोदामामुळं घरच्या लेकीसुनांना काम मिळालं, हे दुसरं. तिची सून ममता हिचं नाव गोदामात झाडझूड करणाऱ्या बायांत घातलं होतं. सासू नीट बोलली तर ते राहणार होतं.

मोहाडीजवळचं हे गोदाम विकास बँकेच्या कर्जातून उभं राहत होतं. उंच छत, गुळगुळीत फरशी, ट्रक थेट आत येईल एवढं दार. कर्जाचा शेवटचा हप्ता तेवढा अडला होता. तो सोडण्याआधी आजूबाजूच्या लोकांशी बोलायचं, असा बँकेचा नियम, म्हणून मुंबईहून एक अधिकारी बाई आल्या होत्या. यादोराव त्यांच्या खुर्चीमागं नव्या जावयासारखे हात बांधून उभे होते. एरवी या माणसाच्या आवाजानं बैल बुजायचे.

"आजी, इथं आधी काय होतं?" बाईंनी विचारलं.

"काय रायते जी? पडीक जागा," बायाबाई म्हणाली. "मालक देवमाणूस हाये. माह्या सुनेले काम देऊन राह्यले."

यादोरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहा आणायला सांगितला.

बायाबाई उठली. पदराखालून तिनं पळसाच्या पानांत बांधलेली पुडी काढली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोन्ही हातांनी पुडी यादोरावांपुढं धरली.

"मालकाचा वाटा."

धीवरांची रीतच तशी. जाळं ज्याच्या पाण्यात पडलं, मासळीतला त्याचा वाटा आधी काढायचा आणि पळसाच्या पानांत बांधून त्याच्या हाती द्यायचा. घेणाऱ्यानं तो ओंजळीत घ्यायचा, जमिनीवर ठेवायचा नाही, आणि पाण्याचं भलं चिंतायचं. यादोराव मिसरूड फुटल्यापासून हा वाटा घेत आले होते. त्यांचे हात डोक्याला विचारत बसले नाहीत. ओंजळ पुढं झाली आणि तोंडही सवयीनं बोलून गेलं, "बोडीले पाणी राहो."

"कुठली बोडी?" बाईंनी मान वर केली.

"काई नाई मॅडम, जुनी रीत हाये, अशीच..."

"बोडी म्हंजे लहान तलाव जी," बायाबाई म्हणाली. आता तिचा आवाज मोकळा झाला होता. "तुमच्या खुर्चीच्या खालीच हाये. आमची सारी घरं तिच्यावर जगत. मालकानं मुरूम टाकून बुजवली. आमी आडवे आलो, तं काठच्या पाळीवरच आमचं जाळं जाळलं. बाकी माणूस देवच हाये."

बाई खुर्चीवरून उठल्या. एकदा पायाखालच्या फरशीकडं त्यांनी पाहिलं.

"यादोरावजी, तुम्ही तर आम्हाला पडीक माळ सांगितला होता. तलाव बुजवून बांधलेल्या गोदामाला आमची बँक पैसे देत नाही. याची चौकशी होईल. तोवर हप्ता सुटणार नाही."

त्या बाहेर जाऊन फोन लावू लागल्या. चहा आला आणि तसाच परत गेला.

"तुह्या सुनेचं काम गेलं समज," यादोराव दात खाऊन म्हणाले.

"गेलंच जी. तिले इचारूनच आली मी."

बायाबाईला आनंद झाला होता. खोटं कशाला सांगा, चांगला पोटभर झाला होता. जाळ्याची आग विझेपर्यंत ती पाळीवर बसून राहिली होती, त्या दिवसापासून या आनंदाची ती वाट पाहत होती.

यादोरावांना आता ओंजळीतलं वजन जाणवलं. मासळीची पुडी इतकी जड नसते. त्यांनी गवताची गाठ सोडली. पानांत शिशाचा काळा गोळा होता, राख चिकटलेला. जाळ्याच्या कडेला लावलेल्या गोळ्या आगीत वितळून एक झाल्या होत्या.

"जाळ्यातलं येवढंच उरलं," बायाबाई म्हणाली.

त्यांनी हात झटकायला घेतला.

"खाली नोका ठेवू, मालक. वाटा हाये."