पोपचा जावई

पोपची माणसं राजाचा गळा कापणार, या आवईने लंडनची झोप उडाली होती. कॅथलिकांना आजच शहराबाहेर हाकलायचा ठराव पार्लमेंटात आला आणि ‘होय, होय’च्या गलक्यात खासदार जर्व्हिसच्या तोंडून ‘नाही’ निसटलं. घरी त्याची कॅथलिक बायको पहाटेपासून कळा सोसत होती. “कोण तो?” माना वळल्या. सभापती म्हणाले, “ज्यांना ठराव हवाय त्यांनी बाहेर जावं, नकोय त्यांनी बसून राहावं.” बाकं भराभर रिकामी झाली. “काय रे, बूड चिकटलं का?” शेजारच्या राल्फने डोळे बारीक केले. “की तूच तो पोपचा जावई?” “छे, जागा धरत होतो,” जर्व्हिस हसला. बायकोने विणलेला हातमोजा बाकावर ठेवून तो राल्फच्या मागोमाग बाहेर पडला. परतला तेव्हा सभापती सांगत होते, “विरोधात कोणी नाही.” बाकावर हातमोजा तेवढा बसून राहिला होता.