काचेवरचा अंगठा

पाणी उकळायचं, वाफ गार करायची आणि ते डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्यांना पाठवायचं, एवढाच आमच्या कारखान्याचा धंदा. रोज सकाळी पहिल्या पाण्याचा एक थेंब काचेवर सुकवून बघायचा, हे माझं काम. काच कोरी राहिली, की पाणी शुद्ध.

सोमवारी काचेवर बारीक रेघा उरल्या. आमच्या फोरमनना सगळे मामा म्हणतात. त्यांना काच दाखवली.

"तुझाच हात लागला असेल," ते म्हणाले. "वाफेबरोबर काही वर येत नाही. जे असतं ते खालीच राहतं."

मामांचं असंच. चूक नेहमी समोरच्याची.

मंगळवारी मी काच चिमट्यानेच धरली. तरी रेघा उरल्या, उलट वाढल्या. बुधवारी अख्खा अंगठा उमटला. मधोमध माझ्या जुन्या जखमेची तिरकी खूण.

आज हजेरीच्या मशीनने माझा अंगठा घेतला नाही. पँटला पुसून पुन्हा लावला. मग उजेडात धरून पाहिला. अंगठा गुळगुळीत होता. खूणसुद्धा नव्हती.

काय सुचलं कोणास ठाऊक, मी खिशातली कालची काच मशीनवर ठेवली. मशीन वाजलं. पडद्यावर माझा फोटो आला, खाली 'हजर'.

तेवढ्यात मामा आले. माझ्या अंगावरून सरळ पुढे गेले आणि बॉयलरच्या खोलीत डोकावले.

"आलास का रे?"

आतून माझ्याच आवाजात उत्तर आलं, "केव्हाच आलोय, मामा."